सही कुणाची, कागद कुणाचा

गेल्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक चालू होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते जमा झाले, इतिवृत्तावर सह्या-अंगठे चालले होते. तेवढ्यात एका काकूंनी पिशवीतून एक कागद काढला. चार घड्यांचा, घड्यांवर विरलेला, वरून खाली इंग्रजी टायपिंग, तळाशी कुण्या साहेबाची शाईची सही आणि गोल शिक्का. काकूंचे आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते, त्यांचा तो कागद. आठवडे बाजारात जुनी नाणी-नोटा घेणारा एकजण बसतो. तो काकूंना म्हणाला होता, "सही-शिक्क्याचा एवढा तुकडा कापून द्या, पाचशे रुपये देतो. बाकीचा कागद तुम्हालाच राहू द्या."

काकूंचा चारशेचा हप्ता राहिला होता. त्यांनी आम्हाला सरळच विचारलं, "ताई, नुसत्या सहीला एवढे पैसे कशाचे? आणि कापून दिली तर आपलं जातंय काय?"

खरं सांगायचं तर आम्हाला उत्तर आलं नाही. आमच्यातल्या दोघींचा बी.ए.ला इतिहास होता, पण परीक्षेत असला प्रश्न कधी आला नव्हता. "काकू, कात्री लावू नका, हप्त्याचं आपण बघू," एवढंच म्हणून आम्ही वेळ मारून नेली. मग घरी येऊन वाचायला बसलो. जे सापडलं ते तुम्हाला आज सांगतो. ही गोष्ट सुरू होते आपल्यापासून फार लांब, अमेरिकेत, आणि तिथून आपल्याच जिल्ह्यात येते.

अमेरिकेत 1861 ते 1865 अशी चार वर्षं यादवी झाली. तेव्हा तिथे सुमारे 40 लाख काळी माणसं गुलाम होती. त्यांची खरेदी-विक्री बाजारात बैल विकावा तशी व्हायची. दक्षिणेतली राज्यं ही गुलामी टिकवायला देशातून फुटून निघाली, त्यांनी आपली वेगळी फौज उभी केली आणि उत्तरेच्या सरकारी फौजेशी लढाई जुंपली. सहा लाखांवर शिपाई मेले. पुढे झालेल्या अभ्यासात तर हा आकडा साडेसात लाखांपर्यंत धरतात. या लढाईतल्या सेनाधिकाऱ्यांच्या सहीचे कागद गोळा करणारे शौकीन आजही तिकडे पुष्कळ आहेत. जनरल ली हा दक्षिणेचा मोठा सेनापती. त्याच्या युद्धातल्या सहीच्या पत्राला हजारो डॉलर मोजतात. साध्या कॅप्टनाने सही केलेली चाऱ्याची पावती त्या मानाने स्वस्तात मिळते.

हो, चाऱ्याची पावती. लढाई म्हणजे तोफा-बंदुका असं आपल्याला वाटतं, पण पलटण चालते कागदावर. किती घोड्यांना किती मक्का लागला, किती बूट आले, किती घोंगड्या फाटल्या, कुणाला रजा दिली, कोण दवाखान्यात पडलाय, तंबू हरवला तर कसा हरवला, हे सगळं लिहून, सही करून वर पाठवावं लागे. गटाच्या रजिस्टरांना कंटाळणाऱ्या आपल्या सचिव ताईंना कॅप्टनाच्या हाताखाली पाठवलं असतं, तर त्या दुसऱ्याच दिवशी परत आल्या असत्या!

या छंदाचे काही नियम आहेत आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला नियम तारखेचा. सही लढाईच्या चार वर्षांतली असेल तर तिला भाव जास्त. युद्ध संपल्यावर बरेच जनरल पुष्कळ वर्षं जगले. ग्रँट तर देशाचा अध्यक्ष झाला. त्यामुळे त्यांच्या नंतरच्या सह्या भरपूर सापडतात. पण स्टोनवॉल जॅक्सन नावाचा दक्षिणेचा सेनापती मे 1863 मध्ये अंधारात आपल्याच शिपायांच्या गोळ्या लागून मेला. त्याची सही युद्धातली मिळायची तर पहिल्या दोनेक वर्षांतलीच, म्हणून ती दुर्मिळ.

दुसरा नियम हाताचा. सगळा कागद अधिकाऱ्याने स्वतः लिहिला असेल तर सर्वात चांगला. कारकुनाने लिहून अधिकाऱ्याने फक्त सही केली असेल तर जरा कमी. आणि पुष्कळ वेळा जनरलचं नाव खाली असतं, पण ते त्याच्या सहायकाने 'हुकमावरून' लिहिलेलं असतं. नवखा माणूस इथेच फसतो. आपल्याकडेही अध्यक्षांच्या नावापुढे सही भलत्याचीच असते, ते कुठे सांगायचं!

कागद तीन घड्या घालून ठेवायची तिकडे रीत होती. बाहेरच्या घडीवर विषय लिहायचा आणि कागद ज्याच्या-ज्याच्या टेबलावरून जाईल त्याने पाठीवर शेरा मारून सही करायची. म्हणजे समोरून एका लेफ्टनंटचा रजेचा अर्ज, आणि उलटून बघावं तर मेजर, कर्नल, जनरल अशा चढत्या सह्या. आमच्या मते या छंदातली खरी गंमत या पाठीतच आहे. शिपायाच्या घरी आई आजारी, म्हणून तो वीस दिवस मागतोय, आणि एकेक साहेब त्यावर काय म्हणतोय, हे सगळं एका कागदावर दिसतं.

शाईचीही एक गोष्ट आहे. आपण बाळगुटीत मायफळ उगाळतो ना, तशाच झाडाच्या गाठी आणि हिराकस मिळून त्यांची शाई व्हायची. लिहिताना फिकट, मग वाळून काळी आणि वर्षं गेली की तपकिरी. या शाईतलं लोखंड हळूहळू कागद खातं. जिथे सही जाड, तिथेच कागदाला भोक पडलेलं दिसतं. दक्षिणेत तर कागदाचीच टंचाई झाली, कारण उत्तरेच्या आरमाराने बंदरं अडवली होती. तिथे लोकांनी वापरलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरली, हिशेबाच्या वह्यांची पानं फाडून पत्रं लिहिली. व्हिक्सबर्ग शहराला वेढा पडला तेव्हा तिथलं वर्तमानपत्र भिंतीला चिकटवायच्या नक्षीच्या कागदावर छापलं होतं. कागद बघूनच कळतं की कुणाच्या घरी किती ओढाताण होती.

आणि शेवटचा कागद शरणागतीचा. 9 एप्रिल 1865 ला ली व्हर्जिनियातल्या अ‍ॅपोमॅटॉक्स गावी ग्रँटला शरण आला. त्याच्या शिपायांना तुरुंगात टाकलं नाही, हत्यारं ठेवून घरी जायची परवानगी दिली. पण वाटेत कुणी अडवलं तर दाखवायला काहीतरी हवं, म्हणून तिथल्याच खानावळीत छापखाना मांडून 28 हजारांच्या वर परवाने छापले. चिठ्ठीएवढा कागद, त्यावर शिपायाचं नाव आणि अधिकाऱ्याची सही. तो खिशात घालून माणसं शेकडो मैल चालत घरी गेली. एखादा परवाना आजही त्या घडीसकट सापडतो. लीने सैन्याचा निरोप घेताना जो हुकूम काढला, त्याच्या नकला त्याच्याच लोकांनी हाताने करून त्याच्याकडून सह्या करून घेतल्या. आपल्या साहेबाची शेवटची सही घरी न्यावी, ही हौस तेव्हाच सुरू झाली होती.

जिथे पैसा आला तिथे लबाडी आलीच. फिलाडेल्फियात रॉबर्ट स्प्रिंग नावाचा एक बहाद्दर होता. तो वॉशिंग्टनच्या खोट्या सह्या करायचा, त्याही जुन्या कागदावर. इंग्लंडमध्ये दक्षिणेची कड घेणारे श्रीमंत लोक होते. त्यांना हा पत्र लिहायचा की मी स्टोनवॉल जॅक्सनची मुलगी, फार हलाखीत आहे, घरातले जुने कागद विकायला काढलेत. जॅक्सन मेला तेव्हा त्याची खरी मुलगी सहा महिन्यांचं तान्हं बाळ होती. पण गरीब लेकीचं नाव काढलं की साता समुद्रापलीकडचा माणूसही विरघळतो, हे त्याने ओळखलं होतं.

चोरी त्याहून वाईट. वॉशिंग्टनच्या सरकारी दफ्तरखान्यात एक माणूस 1996 ते 2002 अशी सहा वर्षं अभ्यासक म्हणून येत राहिला आणि कपड्यांत लपवून या युद्धाचे शंभरावर कागद बाहेर नेत राहिला, विकत राहिला. एका जाणकाराला विक्रीला आलेला कागद ओळखीचा वाटला, कारण त्याने तो दफ्तरात पूर्वी पाहिला होता, म्हणून हे उघडकीला आलं. 2005 साली त्याला दोन वर्षांची कैद झाली. पण सगळे कागद काही परत आले नाहीत.

आता काकूंच्या कात्रीकडे येऊ. त्या काळी अमेरिकेत-इंग्लंडात सह्यांच्या वह्या ठेवायची फॅशन होती. वहीत चिकटवायला फक्त सही लागायची. म्हणून लोकांनी पत्रं घेतली, सहीपुरती पट्टी कापली आणि बाकीचं पत्र फेकून दिलं. अशा कापलेल्या सह्या आजही विकल्या जातात आणि पूर्ण कागदापेक्षा फार स्वस्त जातात. म्हणजे व्यापाराच्या हिशेबानेही कात्री लावणं खोटाच धंदा. पण आम्हाला खटकलं ते वेगळंच. फेकलेल्या भागात काय होतं? सही साहेबाची, पण कागद कुणासाठी होता?

बघा कसे कागद होते ते. सप्टेंबर 1861 मध्ये सेंट लुईस शहरात जनरल फ्रेमाँट याने दोन गुलाम माणसांना मुक्ततेची खतं दिली. फ्रँक लुईस आणि हायरम रीड अशी त्यांची नावं. राष्ट्राध्यक्ष लिंकनला ही घाई पटली नाही, त्याने फ्रेमाँटचा जाहीरनामा मागे घ्यायला लावला. लिंकनने स्वतः मुक्ततेची घोषणा केली ती 1 जानेवारी 1863 ला. त्याआधीच, 1862 मध्ये, आर्कान्सामधल्या हेलेना गावी जनरल कर्टिस याने आसऱ्याला आलेल्या गुलामांना स्वातंत्र्याचे दाखले सहीनिशी दिले. संग्राहकाच्या वहीत ती फ्रेमाँटची सही, कर्टिसची सही. ज्याच्या हातात तो कागद होता त्याला मात्र तो गेला तर परत गळ्यात साखळी.

लग्नाचे दाखले तर वाचवत नाहीत. गुलामांच्या लग्नाला कायदा मानतच नव्हता. कारण नवरा एका मालकाचा आणि बायको दुसऱ्याची, विकलं की संपलं. युद्धात सरकारी फौज पोचली तिथे, 1864 साली व्हिक्सबर्ग, नाचेझ अशा ठिकाणी, फौजेच्या देखरेखीखाली या जोडप्यांची लग्नं नोंदवायला सुरुवात झाली. वीस-वीस वर्षं संसार केलेली माणसं रांगेत उभी राहिली. नोंदीत एक रकाना होता, आधी कुणाबरोबर राहत होतात आणि ताटातूट कशाने झाली. तिथे 'मरण' लिहिलेलं असायचं, तसं 'विक्री' असंही लिहिलेलं असायचं. पुढे मुलं किती.

मैत्रिणींनो, दाखला नसलेली बाई काय असते हे आपल्याला सांगायला नको. नवरा लढाईत गेला, आता पेन्शन मागायची तर लग्न झाल्याचा पुरावा आणा. काळे शिपाई सरकारी फौजेत पावणेदोन लाखांच्या वर होते. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर, यांना 10 आणि त्यातूनही 3 कपड्यांचे कापून, हे 1864 पर्यंत चाललं. त्यांच्या विधवांनी पेन्शनच्या अर्जाला जे होतं ते जोडलं. कुणी लग्नाचा दाखला, कुणी अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र, कुणी नवऱ्याचा फोटो. ते आजही त्या फायलींत आहेत. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी फुलीची खूण केली, बाजूला कारकुनाने 'हिची खूण' असं लिहिलं आणि दोन साक्षीदारांनी सह्या केल्या.

या सगळ्यांत एक बाई आम्हाला फार जवळची वाटली. हॅरिएट टबमन. मेरीलँड राज्यात गुलाम म्हणून जन्मली, 1849 साली एकटी पळाली आणि मग परत परत मागे जाऊन आपल्या माणसांना सोडवून आणत राहिली. लिहिता-वाचता येत नव्हतं. 1862 मध्ये ती दक्षिण कॅरोलिनात सरकारी फौजेबरोबर काम करायला गेली. तिथे जनरल हंटर याने 19 फेब्रुवारी 1863 ला तिला एक परवाना लिहून दिला. ही बाई जिथे जाईल तिथे जाऊ द्या, सरकारी जहाजांवर फुकट न्या, सरकारी कोठारातून तिला लागेल तो शिधा घेऊ द्या, असा त्याचा मजकूर. काळ्या बाईला एकटीने रस्त्याने चालायची चोरी होती त्या मुलखात हा कागद तिच्या कमरेला.

त्या कागदाच्या जोरावर तिने काय केलं? दिवसा आजारी शिपायांची सेवा, अधूनमधून शत्रूच्या मुलखात हेरगिरी. तिला सरकारी शिधा मिळायचा. पण इतर सुटून आलेल्या लोकांना वाटलं की हिलाच कसं मिळतं, म्हणून तिने तो सोडला. रात्री खाद्यपदार्थ आणि पेय करून विकायला लावले आणि त्यावर आपलं भागवलं. सरकारकडून साऱ्या काळात मिळून दोनशेच डॉलर मिळाले. त्यातून तिने काय बांधलं असेल? कपडे धुवायची एक शेड! तिथे सुटून आलेल्या बायकांना धुलाईचं काम शिकवून चार पैसे मिळवायला लावले. कुठलं फिरतं भांडवल नाही, बँकेची जोडणी नाही. आम्ही हे बैठकीत सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "मग ती आपलीच गटप्रमुख की!" आणि 2 जून 1863 च्या रात्री कर्नल माँटगोमेरीच्या तुकडीबरोबर बोटीतून कोंबाही नदीत शिरून तिने एका रात्रीत सातशेवर माणसं सोडवून आणली.

युद्ध संपलं. आता पैसे मागायचे तर पुरावा हवा. ज्यांच्या हुकमाने काम केलं त्या अधिकाऱ्यांकडून तिने पत्रं मिळवली. जनरल सॅक्सटन याने 1868 साली लिहून दिलं. म्हणजे संग्राहकाच्या नियमाप्रमाणे ते 'युद्धानंतरचं', भावाने कमी. तिच्या लेखी मात्र ते भाकरीचं पत्र. गावच्या एका सद्गृहस्थाने तिची सगळी हकीकत आणि कागद जुळवून सरकारकडे अर्ज केला. काही झालं नाही. तीस वर्षं काही झालं नाही.

तिचा दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस हा सरकारी फौजेतला शिपाई. तो 1888 साली वारला. मग तिने विधवा म्हणून अर्ज केला, तर अडचण आली नावाची. फौजेत त्याचं नाव नेल्सन चार्ल्स लागलेलं. हे दोघे एकच हे सिद्ध करा. पहिला नवरा मेला हे सिद्ध करा. साक्षी-पुरावे, शपथपत्रं, हेलपाटे. आपल्या किती बायकांच्या आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं आणि बँकेत तिसरं आहे, ते आठवा. शेवटी 1895 साली तिला महिना 8 डॉलर मंजूर झाले. 1899 मध्ये संसदेतून खास मंजुरी घेऊन ते 20 झाले, तेही परिचारिका म्हणून केलेलं काम जमेला धरून. हेरगिरीच्या नावाने वेगळं पेन्शन तिला कधीच मिळालं नाही. 1913 मध्ये ती गेली.

आणखी एक कागद थोडक्यात सांगतो. जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे दक्षिणेची कैद्यांची छावणी होती. तिथे उत्तरेचे जवळजवळ 13 हजार शिपाई उपासमारीने, रोगाने मेले. डोरेन्स अ‍ॅटवॉटर नावाचा एक तरुण कैदी मृतांची नोंद लिहायच्या कामावर होता. अधिकाऱ्यांची यादी वेगळी, पण त्याने गुपचूप दुसरी प्रत लिहिली आणि कोटाच्या अस्तरात लपवून बाहेर आणली. क्लारा बार्टन बाई त्या वेळी हरवलेल्या शिपायांचा शोध घेत होत्या. आयांची, बायकांची 63 हजारांवर पत्रं त्यांच्या कचेरीत आली आणि त्यांनी 22 हजारांवर शिपायांचं काय झालं ते कळवलं. त्या यादीवरून अँडरसनव्हिलच्या थडग्यांवर नावं लागली. आणि अ‍ॅटवॉटरला बक्षीस काय? त्या यादीवरून सरकारशी वाद झाला आणि त्यालाच तुरुंगात टाकलं. पुढे 1866 साली यादी छापली गेली. बार्टन बाईंची वॉशिंग्टनमधली खोली कितीतरी वर्षं बंद पडली होती. 1996 मध्ये इमारत पाडायच्या आधी माळ्यावर कागद आणि कचेरीची पाटी सापडली, म्हणून ती वाचली.

या युद्धाचं आणि आपलं नातं काय, असं कुणी विचारेल. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेतून जायचा. युद्धाने तो थांबला आणि गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, सावकारांनी गावोगाव हात सैल सोडले, कापसाच्या आशेवर आपल्या माणसांनी कर्जं उचलली. 1865 साली लढाई संपली, भाव पडले. कर्ज तसंच राहिलं. कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षं ठेवली होती, तर सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात धरून नवा रोखा लिहून घेऊ लागले. फेडल्याची पावती देईनात. रोखा वाचता येत नसलेला शेतकरी खाली नांगराची निशाणी करायचा. आपल्या जुन्या कागदांवर बाईची निशाणी बांगडी असायची, हे आम्हाला आत्ता कळलं. लिहिता न येणाऱ्या बाईची बांगडी त्या कागदावर उमटली, आणि आत काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही.

12 मे 1875 ला आपल्याच बाजूला, सुप्याच्या बाजारात, लोक जमले. त्यांनी सावकारांकडून वह्या आणि रोखे मागितले आणि जाळले. ज्या कागदाने गळा आवळला, तो त्यांना नकोच होता. अमेरिकेत काळ्या विधवा कागद जपून फायलीत जोडत होत्या, इकडे आपले पणजोबा कागद जाळत होते. दोघांनाही कागदाची ताकद कळलेली. त्याच्या दोन वर्षं आधी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. पुण्यात बसून त्यांना हे नातं दिसत होतं.

आता काकूंचा कागद. पुढच्या बैठकीला त्यांनी तो परत आणला. कापला नव्हता. हप्ता गटातल्या एका ताईंनी भरला, तो काकू दूध बिलातून देणार आहेत. आम्ही कागद स्वच्छ सुती कापडावर पसरला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. मग उलटून बघितला. जिथे पुढून साहेबाची सही होती, बरोबर तिच्या मागे, पाठीवर, हाताने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. वारस म्हणून आजेसासूबाईंचं नाव. कारकुनाने इंग्रजीत कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, म्हणून आम्हाला दोनदा मोठ्याने वाचावं लागलं. गावात त्यांना सगळे 'पलटणीची म्हातारी' म्हणायचे. सासरी दिलेलं नाव घरच्यांना ठाऊक होतं. हे नाव वेगळंच निघालं, बहुतेक माहेरचं. नाव इथे सांगत नाही, काकूंनी नको म्हटलं. पण ते ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "तो तुकडाच मागत होता की हो तो बाबा."

काकूंच्या मुलाला कागद लॅमिनेशन करायचा होता. ते आम्ही करू दिलं नाही. लॅमिनेशन एकदा चिकटलं की कागद न फाटता सुटत नाही. तुमच्याकडे असा काही असेल तर त्याला चिकटपट्टी लावू नका, टाचणी मारू नका. घडी उघडून सपाट ठेवा, ओल आणि ऊन लागू देऊ नका, वाळवीच्या भिंतीला टेकवू नका. मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा, पाठीचा तर आधी. कुणी विकत मागितला तर विकायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, कागद तुमचा आहे. पण आधी तो वाचून घ्या. इंग्रजी किंवा मोडी असेल तर आमच्याकडे आणा. इंग्रजी आम्ही वाचू, मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी तालुक्याला आहेत, ते चहावर वाचून देतात.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या ट्रंकेत जुने कागद आहेत त्यांनी घेऊन यायचं ठरलंय. काकूंचा कागद सध्या दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, कपड्यात गुंडाळून, त्यांच्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. बाजारातला तो माणूस गेल्या आठवड्यात पुन्हा विचारत होता, सातशे देतो म्हणाला. काकूंनी त्याला पाठीचा फोटो दाखवला आणि कोथिंबीर घेऊन घरी आल्या.